नेपच्यूनचा शोध लावणारी दुर्बीण : एक खुलासा

एका जुन्या लाकडी नळीच्या दुर्बिणीचे छायाचित्र ‘याच दुर्बिणीतून नेपच्यून प्रथम दिसला, ती आजही एस्टोनियातील तार्तू वेधशाळेत आहे’ अशा मजकुरासह फिरत आहे. मीही ते शहानिशा न करता पुढे पाठवले होते, म्हणून हा खुलासा.

तार्तूची, म्हणजे तेव्हाच्या दोर्पातची, दुर्बीण जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने 1824 मध्ये पुरवली. तिथले खगोलशास्त्रज्ञ श्ट्रूव्ह यांनी तिच्यातून जोडताऱ्यांचे (जोडीने दिसणाऱ्या ताऱ्यांचे) वेध घेतले, आणि ती कीर्ती पुरेशी मोठी आहे. नेपच्यून मात्र 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत सापडला. तिथले खगोलशास्त्रज्ञ गॅले दुर्बिणीतून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जागा सांगत होते, त्यांचे सहकारी द’अरेस्त त्या आकाशाच्या नकाशाशी ताडून पाहत होते, आणि एका ताऱ्याची नोंद नकाशात आढळलीच नाही; तोच नेपच्यून. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेर्ये यांनी गणिताने वर्तवलेल्या जागेपासून तो एका अंशाच्या आत होता. ती दुर्बीण आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

दोन्ही दुर्बिणी फ्राउनहोफरच्याच कार्यशाळेतल्या, दोन्हींची भिंगे सुमारे 24 सेंटिमीटर व्यासाची. गल्लत तिथेच झाली असावी. तारीख आणि वेधशाळेचे नाव मिळवून पाहताच ती उलगडते. कृपया आधीचा मजकूर पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवावी.