गुडघा बदलल्यावर पाय १८० अंशांतच यायला हवा?

गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: माणसाचा पाय मुळात अगदी सरळ असतो, झीज झाली की तो वाकतो, म्हणून गुडघा बदलताना तो पुन्हा १८० अंशांत आणावाच लागतो. दोन-तीन अंश राहिले तर ऑपरेशन फसलं. आणि हे ठरवायला गुडघ्याचा एक एक्स-रे पुरतो, बाकीचं रोबोट बघून घेतो. ऑपरेशननंतर व्यवस्थित चालणारी माणसं हे वाचून स्वतःच्या एक्स-रेवर पट्टी ठेवून बसतात आणि हवालदिल होतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

‘पाय मुळात सरळच असतो.’ सगळ्यांचा नसतो. खुब्याच्या गोलाचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य हे तीन बिंदू एका रेषेत आले तर तो कोन १८० अंश. बेल्जियममधल्या योहान बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी २० ते २७ वयाच्या २५० निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजून २०१२ साली निष्कर्ष मांडले. ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय तीन किंवा अधिक अंशांनी बाहेरच्या बाजूला वाकलेले, म्हणजे फेंगडे होते. या वयात झिजेचा प्रश्नच नाही. हाडांची वाढ पूर्ण झाली तेव्हापासून त्यांचे पाय तसेच आहेत.

आता एक पाय जवळून बघू. समजा, उभ्याने काढलेल्या एक्स-रेत तो दहा अंश फेंगडा दिसतोय. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग त्या हाडाच्या अक्षाशी आतल्या बाजूने ८४ अंशांचा कोन करतो. मांडीच्या हाडाचं खालचं टोक त्याच्या यांत्रिक अक्षाशी, म्हणजे खुब्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतच्या रेषेशी, बाहेरच्या बाजूने ८७ अंशांचा. पहिल्या कोनातून दुसरा वजा केला, की हाडांचा मूळ आकार कळतो: शून्य म्हणजे सरळ, उणे म्हणजे फेंगडा. ८४ वजा ८७ म्हणजे उणे तीन. हाडं फारशी खचली नसतील तर यातला तीन अंशांचा फेंगडेपणा या माणसाचा स्वतःचा, आणि उरलेले साधारण सात अंश कुर्चा (सांध्यातली हाडांवरची गादी) झिजल्याने व लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारे पट्टे) सैलावल्याने आलेले. हाच हिशोब आणि सांध्याच्या रेषेचा तिरकेपणा एकत्र धरून मॅकडेसी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये गुडघ्यांचे नऊ प्रकार मांडले. सात अंश दुरुस्त करायचे की दहाच्या दहा, हा खरा प्रश्न आहे. दहाही काढायचे ठरवलं, तर आतल्या बाजूचं लिगामेंट बहुधा जास्त सोडवावं लागतं, आणि पाय सरळ दिसला तरी काहींना तो आपला वाटत नाही.

‘दोन-तीन अंश राहिले म्हणजे ऑपरेशन फसलं.’ ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. १९९१ साली जेफरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली तर ३ टक्के सांधे सैल झाले, बाहेरून गेली तर २४ टक्के. ‘तीन अंशांच्या आत’ हा नियम पक्का झाला त्यात अशा निष्कर्षांचा मोठा वाटा आहे. पण ते सांधे जुन्या घडणीचे होते. मेयो क्लिनिकमधल्या पाराट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आधुनिक, सिमेंटने बसवलेल्या ३९८ सांध्यांचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. तीन अंशांच्या आत बसलेले सांधे बाहेर राहिलेल्यांपेक्षा जास्त टिकले, असं त्यात आढळलं नाही.

यावरून ‘कसाही बसवा, चालतंय’ असा अर्थ मात्र कुणी काढू नये. वजन जास्त आणि कृत्रिम सांध्याचा नडगीवरचा भाग बराच तिरका बसलेला, अशा ठिकाणी आतल्या बाजूचं हाड खचण्याचा धोका खराच असतो. माझं म्हणणं एवढंच, की दोन अंशांवरून निकाल लावू नका. पाय वाकल्यावर आणि सरळ केल्यावर दोन्ही बाजूंचा ताण योग्य आहे का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, गुडघ्याची वाटी नीट सरकते का, हे त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

‘गुडघ्याचा एक्स-रे पुरेसा आहे.’ या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. छोट्या फिल्मवर ना खुबा दिसतो ना घोटा, मग अक्ष काढायचा कसा? मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून, तिच्याशी पाच-सहा अंशांचा कोन धरून खालचं टोक कापायची पद्धत रूढ आहे. बहुतेकांना तो कोन चालतो. पण मांडीचं हाडच बाहेरच्या बाजूला कमानीसारखं वाकलेलं असेल, तर लागणारा कोन नऊ अंशही असू शकतो. तिथे सवयीने पाच धरले, की काप चार अंश फेंगडा पडला. जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलेलं असेल तर गणित आणखी बिघडतं, आणि ते छोट्या फिल्मच्या चौकटीबाहेर राहून जातं.

म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही पायांवर भार देऊन उभ्याने काढलेला एक्स-रे हवा. झोपून काढला तर भार नसतो आणि वाकडेपणा कमी दिसतो. गुडघ्याची वाटी समोर हवी. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि पाय बाहेर वळवून उभं केलं, तर फेंगडेपणा आहे त्याहून जास्त दिसतो. दुखणाऱ्या माणसाला असं उभं राहणं जड जातं, तरी तंत्रज्ञाने आधार द्यावा, वेळ द्यावा, पण फिल्म नीट काढावी.

‘बाकीचं रोबोट बघतो.’ ठरलेल्या कोनात काप घेण्यात रोबोटचा हात नेमका चालतो, यात वाद नाही. पण कोन ठरवतो सर्जन. पाय शून्यावर, म्हणजे अगदी सरळ १८० अंशांत, आणायचा की त्याच्या मूळ तीन अंशांवर ठेवायचा, हे यंत्राला सांगावं लागतं. तेव्हा ‘रोबोट आहे का’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: माझा पूर्ण पायाचा एक्स-रे बघून काय ठरवलंय, आणि माझ्या पायाचा मूळ आकार किती ठेवणार आहात?