घाटात जळणारं डिझेल आणि कोलाडची रो-रो

माझे वडील ट्रक चालवायचे. पनवेल ते मडगाव, वर्षानुवर्षं. भरलेली गाडी कशेडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढायची, तेव्हा ते डिझेलच्या काट्याकडे बघायचेच नाहीत. "बघून काय, जीव जळतो," म्हणायचे. मग १९९९ मध्ये कोकण रेल्वेने रायगडातलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रो-रो सुरू केली. ट्रक मालासकट सपाट वॅगनवर चढवायचा, पक्का बांधायचा, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच. वेर्ण्याला उतरताना बाबांची झोप झालेली असायची आणि टाकी जवळपास तशीच.

रस्ते वाढले, गाड्या वाढल्या, डिझेलचा खप वाढला की आपण त्याला विकास म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. सिमेंट, औषधं, आंब्याच्या पेट्या वेळेत पोचल्या, हा विकास. त्यासाठी जळलेलं डिझेल हा खर्च आहे, आणि ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून विकत आणतो. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोठा भरलेला ट्रक लिटरला जेमतेम चार किलोमीटर देतो. मुंबई-गोवा साधारण ५५० किलोमीटर धरा, एका बाजूलाच साडेतीनशे किलोच्या वर होतात. एका ट्रकचे!

स्वातंत्र्यानंतर देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आज एक-तृतीयांशही जात नाही. व्यापाऱ्यांना मी दोष देणार नाही. वॅगनची वाट बघा, माल दोनदा चढवा-उतरवा, त्यापेक्षा ट्रक थेट दारात येतो. पण रो-रोत ट्रक दारातूनच निघतो आणि दारातच पोचतो, फक्त मधले घाट रुळावरून जातात. ड्रायव्हरचा रोजगारही जात नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

२०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. वीज बरीचशी कोळशाचीच, हे खरं. तरी लोखंडी रुळावर लोखंडी चाक ओढायला टनामागे रस्त्याच्या कितीतरी कमी ऊर्जा लागते.

२०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही रो-रो आली, भाडं ७,८७५ रुपये. कुटुंबाला ते परवडेना. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, त्यावर पैसा ओतताना कोणी नफा-तोटा विचारत नाही. मग हे भाडं अर्ध्यावर आणायला काय हरकत आहे? आणि ट्रकवाल्यांना रोजच्या, ठरल्या वेळेच्या जास्त फेऱ्या द्या. गाडी कधी सुटणार हे नक्की कळलं, तर कोलाडला ट्रकची रांग लागेल.