क्लच प्लेट गेल्या म्हणे! अरे आधी केबल तरी बघा

डोकं फिरलंय नुसतं. सिग्नलला बाइक उभी, क्लच पार ग्रिपला टेकेपर्यंत दाबलेला आणि न्यूट्रल काही केल्या लागत नाही, पहिल्यातून जरा उचललं की थेट दुसरा, दुसऱ्यातून हलकं दाबलं की परत पहिला, मागचे हॉर्न वाजवतायत ते वेगळंच. शेवटी इंजिन बंद करायचं, मग लागतं लगेच. आता इंजिन बंद केल्यावर लगेच लागतंय म्हणजे गिअरबॉक्सच्या आधी क्लचवर संशय घ्यायचा, तो पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे लिव्हर दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत, एवढं कोणालाही कळेल. पण गॅरेजमधे सांगितलं की समोरचा गाडीला हातही न लावता निकाल देऊन मोकळा, "क्लच प्लेट गेल्या, सेट टाकावा लागेल."

कशावरून गेल्या??

प्लेटा घासल्या की क्लच स्लिप होतो. अॅक्सिलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएम चढतो आणि स्पीड काही वाढत नाही, चढावर तर लगेच कळतं, कधी जळका वासही येतो. माझी गाडी ओढायला एकदम ओके आहे. माझी तक्रार बरोबर उलटी आहे, क्लच दाबला तरी प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, गाडी पुढे सरकायला बघते, पहिला टाकला की खाडकन आवाज. एकात क्लच पकडत नाही, दुसऱ्यात सोडत नाही, आणि औषध दोन्हीला एकच! जुलाब होणाऱ्याला आणि पोट साफ न होणाऱ्याला एकच गोळी दिल्यासारखं चाललंय.

आणि बघायला लागतो किती वेळ? केबलच्या क्लचला, म्हणजे लिव्हरपासून क्लचपर्यंत तार जाते त्याला, बहुतेक गाड्यांमधे लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलीमीटर प्ले लागतो, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. प्ले जास्त झाला की लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, प्ले बदलला तर केबल कुठेतरी ताणली जातेय किंवा चुकीच्या वाटेने नेलीय. लिव्हरपाशी केबलच्या तारा सुटल्यात का, केबल आत कोरडी पडलीय का, ऑइल जुनं झालंय का, किंवा लेव्हलच्या वर भरलंय का, एवढं सगळं कव्हर न उघडता कळतं हो!

त्यातून अॅडजस्ट केलाच तर असा करतात की प्ले शून्य. "बघा साहेब, आता कसा मस्त टाइट झाला." अरे प्लेच ठेवला नाहीस तर क्लच कायम थोडा दाबल्यासारखाच राहणार ना, स्प्रिंगचा पूर्ण जोर प्लेटांवर येणार नाही, त्या घसरत राहणार, तापणार, आणि मग खरंच जळणार. म्हणजे चांगल्या प्लेटांची वाट लावायची आणि वर म्हणायचं बघा, म्हणालो होतो ना. ऑइलचंही तेच, समोर असेल ते कारचं ऑइल ओततात. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमधेच बुडालेला असतो, त्याला जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं जपानी स्टँडर्ड) लिहिलेलं ऑइल लागतं, काही कारच्या ऑइलमधे घर्षण कमी करणारं केमिकल असतं त्याने क्लच घसरायला लागतो. डब्यावर लिहिलेलं वाचायचे पण कष्ट नकोत.

माझ्या गाडीत तर न विचारता परस्पर सेट टाकला. न्यूट्रल? जैसे थे! जुन्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजली का विचारलं तर तोंडाकडे बघत बसला. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का बघितल्या का? नाही. प्लेटा ज्यात बसतात त्या हाउसिंगच्या खाचांना प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडलेत का, कारण तसे असले तर नव्या प्लेटापण तिथेच अडकणार, तेही बघितलं नाही. नव्या प्लेटा ऑइलमधे भिजवल्या का, तर म्हणे चालवा, सेट होईल हळूहळू. काय सेट होईल? केबल अजून तीच आहे, लिव्हरच्या टोकाशी दोन तारा तुटून बाहेर आलेल्या, रबर सरकवलं की डोळ्यांना दिसतात!

राग याचा जास्त येतो की हे नुसतं सिग्नलपुरतं नाहीये. क्लच सुटत नसताना रोज पायाने गिअर ठोकून ठोकून आतल्या दातांच्या कडा गोल होतात, गिअर सरकवणारा शिफ्ट फोर्क वाकू शकतो, मग टाकलेला गिअर आपोआप निसटतो, ओव्हरटेक करताना मधेच गाडीचा जोरच जातो आणि समोरून ट्रक येत असतो. एका केबलपायी. आणि तेव्हा हाच माणूस परत गाडीला हात न लावता सांगणार, "गिअरबॉक्स गेला, इंजिन खोलावं लागेल."