खुलासा: सलाईन लावल्याने जुना थकवा जात नाही

‘हिमोग्लोबिन चांगलं असेल तर थकवा उन्हाचाच, एक बाटली लावा, ताकद येते’ असा मेसेज जळगाव-धुळ्याकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. ५०० मिलिलिटर साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, बस्स. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ते उपयोगी पडतं, पण महिनोन्‌महिन्यांच्या थकव्यावर तो इलाज नाही.

हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉईड, साखर, बी-१२ हेही बघावं लागतं. बी-१२चं इंजेक्शन आधी घेतलं तर रिपोर्ट फसवा येतो, म्हणून आधी रक्त द्या. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी चुकवू नका. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतो? मग टीबीचीही, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून घरच्या बाईला कामचुकार ठरवू नका, हे कळकळीने सांगतो. एक दिवस कापूस वेचल्यावर पुढचे दोन दिवस उठवत नसेल, झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल, तर डॉक्टरांना अगदी तसंच सांगा. सहा महिन्यांहून जास्त चाललेला असा थकवा हा स्वतंत्र आजार असू शकतो, आणि त्याचं निदान कुठल्या एका चाचणीवर नाही, याच तपशिलांवर होतं.