टाकी भरत नाही, कारण ती गळते आहे

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला पाच जणांनी पाठवला. वर ठळक अक्षरांत ‘नगरपंचायतीचा डोळा आता तुमच्या संडासाच्या टाकीवर’ असं लिहिलं होतं. खालचं म्हणणं थोडक्यात असं: टाकी आपल्या जागेत आहे, आरोग्य विभागाने तिथे डोकवायचं कारण नाही. नीट बांधलेली टाकी कधी भरत नाही. तिच्यातून बाहेर पडतं ते स्वच्छ पाणीच असतं. वर्षातून एकदा गूळ आणि यीस्ट टाकलं की गाळ विरघळून जातो. दर तीन वर्षांनी उपसा करायला लावणं ही लूट आहे, आणि उपसायची वेळ आलीच तर दोन माणसं हजार रुपयांत काम करून देतात. शिवाय टँकर मैला नेतो कुठे, हेही कुणी सांगत नाही.

पाठवणाऱ्यांत माझे सख्खे काका आहेत, शाळेतले एक सर आहेत. या माणसांना मला वाईट वाटू द्यायचं नाही, पण हा मजकूर घातक आहे.

‘टाकी कधी भरत नाही’ इथूनच सुरुवात करतो, कारण आमच्या घरी हे वाक्य सव्वीस वर्षं अभिमानाने म्हटलं जायचं. वडील पाहुण्यांना सांगायचे, बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही. २०१९च्या मे महिन्यात मागची न्हाणी वाढवायला घेतली आणि गवंड्याने टाकीवरची फरशी उचकटली. त्याने आत बांबू सोडला. टाकीला तळ असता तर टक्क आवाज आला असता. बांबू नुसता रुतत गेला. खाली कोबाच नव्हता. बाजूच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, सांधे मोकळे, गिलाव्याचा पत्ता नाही. टाकी कसली, तो चार भिंतींचा खड्डा होता. आणि आमची विहीर तिथून चाळीस फुटांवर, उताराच्या बाजूला. बहिणीला नववीत कावीळ झाली तेव्हा आम्ही जत्रेतल्या सरबताला दोष दिला होता. त्या दिवशी आई बराच वेळ विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती, काही बोलली नाही.

ज्या टाकीत माणसं रोज काही ना काही सोडतात, ती वर्षानुवर्षं भरत नसेल तर ते सगळं कुठेतरी जातंय. जांभ्याच्या मुलखात ते फार लवकर जातं, कारण त्या दगडाला भोकंच भोकं असतात.

आता चांगल्या टाकीचा हिशेब मांडू. आयएस २४७० या भारतीय मानकात पाच माणसांच्या घरासाठी जी टाकी दिली आहे ती दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, आत साधारण मीटरभर पाणी. म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास. वर्षा-दोन वर्षांनी उपसा होणार हे धरूनच ही मापं ठरवली आहेत. माणशी वर्षाला तीस-चाळीस लिटर गाळ साठतो असं धरलं तर पाच जणांचा तीन वर्षांचा गाळ साडेचारशे ते सहाशे लिटर होतो. जवळपास निम्मी टाकी गाळानेच व्यापली. मग पाणी थांबायला जागा उरत नाही, मैला न निवळताच पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, जातो आणि शोषखड्डा तुंबतो. दोन-तीन वर्षांनी उपसा करा हे केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या २०१३च्या सूचनांतही आहे, ते कुणा टँकरवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. टाकी मोठी आणि माणसं कमी असतील तर वेळ जास्त लागेल, हे मान्य. पण ते गाळ मोजून ठरवायचं. लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ तशीच धरायची आणि वर काढायची. गाळ जिथवर आहे तिथवर टॉवेल काळा होतो. हे काम झाकणाबाहेर उभं राहूनच करायचं, आत वाकायचं नाही आणि जवळ विडी-काडी पेटवायची नाही.

‘बाहेर पडतं ते स्वच्छ पाणी’ हेही असंच. टाकी पाण्याला दिवसभर, फार तर दोन दिवस थोपवून धरते. तेवढ्यात जड ते खाली बसतं, तेलकट ते सायीसारखं वर तरंगतं आणि मधलं पाणी पुढे जातं. ते दिसायला बरं असतं, पण पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्यात असू शकतात, आणि तळाच्या गाळात जंतांची अंडी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून टाकीनंतर शोषखड्डा लागतो, जमीन गाळण्याचं काम करते. आपल्याकडे मात्र टाकीचा पाइप सर्रास उघड्या गटारात सोडलेला असतो. त्याच गटारातून नळाची पाइपलाइन गेलेली असते आणि पाणी दिवसातून तासभर येतं. उरलेले तेवीस तास नळ रिकामा असतो, आणि जिथे सांधा सैल असेल तिथून गटारातलं पाणी आत शिरतं.

आणि म्हणूनच टाकी ही खाजगी बाब राहत नाही. टाकी माझ्या हद्दीत असते, पण जमिनीखालच्या पाण्याला सातबारा कळत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा, असं त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. १८ मीटर म्हणजे साठ फूट. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर स्वतःच्या विहिरीपासून हे अंतर कसंबसं साधतं. शेजाऱ्याच्या बोअरचं काय, हे बघायला दोन्ही घरांच्या बाहेरचा कुणीतरी लागतो. गोव्यात १९८५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली घर बांधताना आरोग्य अधिकाऱ्याचा ना हरकत दाखला घ्यावा लागतो, तो याचसाठी. आपल्याकडे आरोग्य खातं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावागावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. विहिरीजवळचा संडास हा त्या पाहणीतला मुद्दा असतो. घरी येऊन टाकीचं झाकण कुठे आहे विचारणारी आरोग्यसेविका तुमच्या संडासात डोकवायला येत नाही, तिला तुमच्या प्यायच्या पाण्याची काळजी असते.

गूळ-यीस्टबद्दल फार लिहायला नको. टाकीत लागणारे जिवाणू माणसाच्या विष्ठेतूनच रोज जात असतात, बाहेरून घालायची गरज नाही. ते गाळ कमी करतात, संपवत नाहीत. वाळू, केस, न कुजणारा भाग राहतोच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही अशा पावडरींची गरज नाही असंच सांगते.

राहिली ती ‘दोन माणसं’. मजकुरातल्या याच ओळीने मला झोप लागू दिली नाही. टाकीत मिथेन असतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. हा दुसरा वायू वाढला की नाक बधिर होतं, वासच येईनासा होतो, आणि उतरणाऱ्याला वाटतं आत काही नाही. पहिला खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. कधी कधी तिसरा घरातलाच कुणीतरी असतो. हाताने मैला उपसण्याला बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे, आणि ती फक्त नगरपालिकेला नाही, कुणाही व्यक्तीला आहे. म्हणजे घरमालकालाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दहा लाखांवरून तीस लाख केली. पण कायद्याचं सोडा. काका, हजार रुपयांसाठी खाली उतरणारा माणूस कुठल्या वस्तीतून येतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या अंगणात त्याला उतरवू नका. टाकी उपसणारी गाडी मागवायला १४४२० हा क्रमांक आहे.

मजकुरातली एक तक्रार मात्र रास्त आहे. टँकर मैला नेतो कुठे, हे कुणी सांगत नाही. रात्री ओढ्यात ओतणार असेल तर आपण आपल्या अंगणातली घाण फक्त खालच्या गावाला दिली. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८च्या सुमारास हे नीट बसवलं. वॉर्डवार वेळापत्रक, तीन वर्षांत प्रत्येक टाकीचा एकदा उपसा, घरपट्टीबरोबर कर, आणि गाळ न्यायला स्वतःचं मैलागाळ प्रक्रिया केंद्र. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची त्यांना मदत होती. टाकी तुंबल्यावर घाईत बोलावलेल्या गाडीवाल्याला तो मागेल ते द्यावं लागतं, ओळीने वॉर्ड घेतला की दर घरामागे खर्च उतरतो. आमच्या नगरपंचायतीकडे गाडी आहे, केंद्र नाही. पुढच्या सभेत मी हेच विचारणार आहे, आणि हा मजकूर पाठवणाऱ्या पाचही जणांनी सोबत यावं अशी माझी विनंती आहे.

आमची नवी टाकी विहिरीपासून सत्तर फुटांवर आहे, तळाला काँक्रीट, आतून गिलावा, झाकण अंगणात हाताशी येईल असं. गेल्या महिन्यात वडिलांनी स्वतः काठीला टॉवेल गुंडाळला. नऊ इंच भरला. त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.