टीव्ही मिळतो, स्वयंपाकीणबाईंचा पगार मिळत नाही

फेब्रुवारी लागला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या छोट्या छोट्या संस्थांचे फोन वाजायला लागतात. कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरवाल्यांना (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च) ३१ मार्चच्या आत पैसे खर्च करायचे असतात, मग "ताई, काय गरज आहे ते दोन दिवसांत पाठवा, बेंच चालतील का, स्मार्ट टीव्ही चालेल का, दप्तरं देऊ का" असं सुरू होतं. मी अशा संस्थांची प्रपोजलं लिहून देते, हिशोब लावून देते, धर्मादाय ऑफिसातले बदल अर्ज, ऑडिट, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) हे सगळं बघते, आणि दरवर्षी तेच बघून जीव तुटतो म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी झालीये, पण ज्यांच्या हातात देण्याचे निर्णय आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडचं काम कोणतं ते आधी सांगते. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात, मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ते फेडेपर्यंत सुटका नाही. पोरं सोबत गेली तर शाळा बुडते, फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायचं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं, पहाटेच्या थंडीत पाचटात झोपायचं. पोरं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात, काही सरकारी योजनेतून शाळेतच, काही गावातल्या संस्था स्वतःच्या हिमतीवर चालवतात. सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, चांगलंच झालं. पण ती पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी. दुसरी-तिसरीतल्या लेकराचं काय? आजी-आजोबा असतील आणि धडधाकट असतील तर ठीक, नाहीतर ते लेकरू फडावरच जाणार, आणि एकदा दुसरीतलं वर्ष असं अर्धं गेलं की वाचायचं राहूनच जातं ओ, पुढे सातवीत गेलं तरी अडखळतं.

आता असं वसतिगृह चालवायला काय लागतं? जागा बहुतेक गावातलीच मिळते, शाळेची खोली नाहीतर कुणाचा तरी रिकामा वाडा. धान्य थोडंफार गावातून जमतं. खरा खर्च माणसांचा. स्वयंपाकाला दोघीजणी, रात्री मुलांजवळ झोपणारी एक ताई, संध्याकाळी अभ्यास घेणारा एक पोरगा. प्रत्येकी महिन्याला दहा-बारा हजार धरले तरी सहा महिन्यांचे अडीच-पावणेतीन लाख होतात. त्या रात्रीच्या ताईचं काम काय असतं माहितीये? सात वर्षांचं पोर रात्री दोनला आईच्या आठवणीने रडत उठतं तेव्हा त्याला जवळ घेऊन झोपवायचं, ताप आला तर रात्रीच गाडी शोधून दवाखान्यात न्यायचं, पंधरा दिवसांनी फडावरून आईचा फोन आला की पोराला बोलवून आणायचं. वसतिगृह म्हणजे ती ताईच आहे हो! ती सोडून गेली की दुसऱ्या दिवशी पोरं घरी.

आणि नेमके तिच्याच पगाराला पैसे मिळत नाहीत.

प्रपोजलमध्ये "मानधन" असं हेड दिसलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "मॅडम हे ॲडमिन कॉस्टमध्ये जातं, आमच्याकडे पाच टक्क्यांची लिमिट आहे." एका कंपनीच्या मीटिंगमध्ये तर मला सरळ सांगितलं गेलं की पगार काढून टाका आणि तेवढ्या रकमेचे टॅब घाला, लगेच मंजूर करतो. पहिलीच्या पोरांना टॅब, जिथे संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही तिथे. संस्थेच्या दादांनी नाईलाजाने हो म्हटलं, मी त्यांना दोष देत नाही, त्यांना तेवढंच हाताला लागत होतं.

पण या पाच टक्क्यांबद्दल मला नीट बोलायचंय, कारण यात केवढा घोळ आहे ते संस्थांनाही माहीत नसतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटीच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्याच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराच्या खर्चावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला, त्यावर देखरेख करायला जो थेट खर्च होतो तो त्यात धरायचाच नाही असं नियमातच लिहिलंय. मुलांना सांभाळणारी ताई हा प्रकल्प राबवण्याचा खर्च नाही तर कशाचा खर्च आहे? तिच्याशिवाय प्रकल्प म्हणजे नुसती खोली आणि गाद्या. तेव्हा संस्थावाल्यांनो, पुढच्या वेळी कुणी पाच टक्के म्हणालं तर नम्रपणे नियम समोर ठेवा, घाबरू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. आमचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला टोळ्या परत येतात. सीएसआरचा पैसा येतो कधी, तर मार्चमध्ये. म्हणजे ज्या महिन्यात पोरं आईबापाकडे घरी जायला निघतात त्या महिन्यात आमच्या खात्यात पैसे जमा होतात आणि वर "३१ तारखेच्या आत बिलं द्या". अशा वेळी वस्तूच घेतल्या जाणार ना, कारण चार आठवड्यांत बिल फक्त वस्तूचंच होतं. यालाही कायद्यात वाट आहे, चालू प्रकल्प (एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर केलं तर उरलेली रक्कम कंपनीने ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत खर्च करायची. काही कंपन्या तसं करतातही, आणि त्यांच्यासोबत काम करताना संस्थेतल्या माणसांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिलाय. पण बहुतेकांना एका वर्षात विषय संपवायचा असतो. साखर कारखाना मुकादमामार्फत हंगामाच्या आधी उचल देतो, ते कर्जच आहे आणि त्यात माणसं पिढ्यानपिढ्या अडकलीत, तिचं कौतुक अजिबात नाही. पण कामाच्या आधी पैसा लागतो एवढं कारखान्याला कळतं. देणगीदाराला का कळू नये?

बरं, अर्ज तरी कोण करू शकतं? तीन वर्षांचा कामाचा अनुभव, १२ए आणि ८०जी (आयकराच्या नोंदण्या, ८०जीमुळे देणगीदाराला करसवलत मिळते), एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचे पैसे घ्यायची नोंदणी), सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा नंबर, दरवर्षी ऑडिट, देणगीदारांचा १०बीडी (कुणी किती दिलं त्याचं आयकराला द्यायचं विवरण) ३१ मेच्या आत, चुकलं की दिवसाला २०० रुपये दंड. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थेकडे यासाठी वेगळा माणूस असतो. धारूर-वडवणीच्या संस्थेत तोच माणूस सकाळी किराणा आणतो आणि रात्री पोर्टल उघडून बसतो. कागद नकोत असं मी म्हणत नाही, बोगस ट्रस्ट आमच्याही जिल्ह्यात आहेत, फोटोपुरती शिबिरं घेणारे आहेत, तपासणी झालीच पाहिजे. पण मग पगाराचीच तपासणी सगळ्यात सोपी आहे ना! पैसे बाईंच्या बँक खात्यात गेले की नाही ते स्टेटमेंटवर दिसतं, बाईंना फोन करून विचारता येतं. खरेदीच्या बिलात काय काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये.

आधी एक मार्ग असा होता की मोठी संस्था परदेशी देणगी आणायची आणि त्यातला हिस्सा आमच्यासारख्या गावातल्या संस्थेला द्यायची, कागदपत्रं ते सांभाळायचे आणि काम इथे व्हायचं. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि असं पुढे पैसे देणंच बंद झालं. छोट्या संस्थेने स्वतः नोंदणी करायची म्हटलं तर मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले दाखवायचे. ज्यांच्याकडे ते असतील त्यांना एवढी निकड कशाला असेल?

सीएसआरमध्ये महाराष्ट्राला देशात सगळ्यात जास्त पैसा मिळतो हे ऐकून लोकांना वाटतं मग अडचण काय. पण कंपनी जिथे आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो, आणि कारखाने आहेत पुणे, मुंबई, ठाणे, रायगडला. आमच्या माणसांनी तोडलेला ऊस ज्या जिल्ह्यात गाळला जातो तो त्या कारखान्याचा "स्थानिक भाग". ऊस तोडणाऱ्याचं गाव कुणाचाच स्थानिक भाग नाही. यावर खरं तर साखर उद्योगातल्या लोकांनी बोललं पाहिजे.

आपल्याकडे ही समज कधी नव्हतीच असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, ते कोनशिलेसाठी नव्हतं, त्या दिवशीच्या भाकरीसाठी होतं. आणि अलीकडचं म्हणाल तर सामाजिक कृतज्ञता निधी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या मोठ्या नटांनी नाटकाचे प्रयोग लावून पैसे जमवले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यामागे होते, आणि त्या पैशातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. इमारत नाही, रुग्णवाहिका नाही, थेट माणसाच्या घरची चूल. मला आजही तो महाराष्ट्रातला सगळ्यात शहाणा निधी वाटतो.

तर माझी मागणी साधी आहे. सीएसआर कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगा की प्रपोजल सप्टेंबरमध्ये मागवा, मंजुरी दिवाळीच्या आधी द्या, तीन वर्षांसाठी द्या, आणि पगाराचं हेड बघून दचकू नका. पुण्या-मुंबईत, दुबईत, अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसांनाही सांगतेय, गावाला काही द्यायचं मनात आलं की लगेच प्रोजेक्टर आणि सायकली सुचतात, त्याऐवजी ओळखीच्या संस्थेला एकदा विचारा की तुमच्या कोणत्या माणसाचा पगार थकलाय. परदेशी पासपोर्ट असेल तर आधी त्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का ते विचारा, नसेल तर इथल्या भारतीय नातेवाइकांना त्यांच्या स्वतःच्या पैशातून द्यायला सांगा. महिन्याला पाचशे-हजार असे बारा महिने आले तर संस्थेला एकदम आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त धीर येतो, कारण पुढच्या महिन्याचं बोलता येतं. पावती ८०जीची मागून घ्या, वर्षाच्या शेवटी ऑडिट रिपोर्ट मागा, हक्काने मागा, चांगली संस्था आनंदाने देते. आणि पैसे पाठवताना सोबत दोन ओळींचा मेल टाका की ही रक्कम मानधनासाठी वापरली तरी आमची हरकत नाही. तेवढं लेखी असलं की संस्थेला त्या ताईंना हंगाम सुरू व्हायच्या आधीच "यंदा या" म्हणून सांगता येतं.