क्वेबेकचे वणवे ‘एकाच क्षणी’ पेटले नव्हते

उपग्रहाची ती छोटी चित्रफीत तुमच्याही ग्रुपवर येऊन गेली असेल. जून २०२३, कॅनडातल्या क्वेबेकचं जंगल, आणि बघता बघता ठिकठिकाणी धुराचे लोट. खाली मजकूर: ‘एकाच क्षणी इतक्या आगी? निसर्गात असं होत नाही. लावल्यात!’

‘एकाच क्षणी’ म्हणे. ती चित्रफीत गोज-१६ या अमेरिकी हवामान उपग्रहाच्या चित्रांची; तो तेव्हा सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून दर पाच-दहा मिनिटांनी एक चित्र घेत होता. अख्खा दिवस काही सेकंदांत कोंबला की तासाभराचं अंतर उरतच नाही. शिवाय त्या चित्रांत दिसतो तो धूर, आग नव्हे. आणि धूरही लोट चांगला मोठा झाल्यावरच. सकाळच्या दमट, शांत हवेत आग धुमसत राहते. दुपारी ऊन चढतं, हवा कोरडी होते, वारा सुटतो आणि त्या पट्ट्यातल्या आगी मागोमाग भडकतात. हवामान सगळ्यांना सारखं, म्हणून वेळही जवळपास सारखी.

‘मग वीज कुठे दिसते?’ दिसणार कशी? विजांचं वादळ १ जूनला येऊन गेलं होतं, धुराचे लोट दुसऱ्या दिवशीचे. त्या जंगलात जमिनीवर शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो. वीज पडली की आग त्यात राखेखालच्या निखाऱ्यासारखी दबून राहते, कधी कधी कित्येक दिवस. सह्याद्रीतला वणवा बहुतेकदा माणसानेच लावलेला असतो, त्यामुळे आपल्याला हा संशय चटकन पटतो. कॅनडाच्या उत्तरेत मात्र जळणाऱ्या क्षेत्राचा मोठा वाटा विजेचाच.

‘आग लावणारे पकडलेत की!’ खरंय. क्वेबेकमधल्याच शिबूगमो परिसरात १४ आगी लावल्याची कबुली एकाने जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयात दिली. शापे गावातली सुमारे ५०० घरं त्यापायी रिकामी करावी लागली होती. गंमत म्हणजे, सरकारच आगी लावतंय असं हाच गृहस्थ समाजमाध्यमांवर लिहीत होता! पण क्वेबेकमध्ये त्या वर्षी ४० लाख हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. ते काही या १४ आगींच्या खात्यावर टाकता येत नाही.

‘धूर मुद्दाम न्यूयॉर्ककडे वळवला.’ जूनच्या त्या आठवड्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र रेंगाळत होतं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे त्याच्या पश्चिमेला उत्तरेकडून दक्षिणेकडे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी नेमके त्याच वाटेत. ७ जूनला न्यूयॉर्कचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या वर गेला. हा आकडा जमिनीवरच्या यंत्रांचा, बरं का; उपग्रहाला वरून दिसणारा धूर नाकापर्यंत उतरलाय की चार-पाच किलोमीटर उंचावरून चाललाय, हे नुसत्या छायाचित्रावरून कळत नाही. जूनअखेर कॅनडाचा धूर उपग्रहांनी अटलांटिकपलीकडे, स्पेन-पोर्तुगालपर्यंत जाताना टिपला. न्यूयॉर्कसाठी कट रचला होता म्हणता, तर पोर्तुगालने कोणाचं काय घोडं मारलं होतं?